विजयाची पैसेवारी

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला यंदा पीक कसे आहे असे विचारले असता त्याने "बरं हाय" एवढेच उत्तर दिले, तर त्याच्या घरात कापूस रचायला जागा उरलेली नाही असे समजावे. "काई खरं नाई बाप्पा" असे तो म्हणाला, तर पीक मध्यम आहे असे समजावे. आणि खरोखरच बुडाले असेल, तर तो काहीच बोलत नाही. या मितभाषणाचे मूळ त्याच्या स्वभावात शोधू नये, ते महसूल खात्याच्या दप्तरात सापडेल. पैसेवारी पन्नासाच्या खाली लागली, की गाव टंचाईच्या यादीत चढते, वसुलीला सूट मिळते, दोनचार सवलती पदरात पडतात. ती पन्नासाच्या वर गेली, की सरकारदरबारी तुमची नोंद सुखी म्हणून होते, आणि सुखी माणसाला द्यावे असे कोणत्याही सरकारजवळ काही नसते. चारचौघांत आपले यश कबूल करणे म्हणजे स्वतःविरुद्ध जबानी देणे होय, ही शिकवण ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या गिरवली, त्या मुलखावर गेल्या सातआठ वर्षांत विदर्भाच्या क्रिकेट संघाने विजयांची जी अतिवृष्टी केली तिचा पंचनामा अद्याप कोणी केलेला नाही. तो निदान भातकुलीच्या शिवेपुरता तरी व्हावा, म्हणून ही कैफियत.

भातकुली हे तालुक्याचे ठिकाण अमरावतीच्या पश्चिमेस, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात वसलेले आहे. बाहेरच्यांना ते आदिनाथाच्या प्राचीन जैन मंदिरामुळे ठाऊक असते. येथे विहिरीला पाणी लागले तरी त्याचा आनंद, ते जिभेवर ठेवून पाहिल्याशिवाय, व्यक्त करण्याचा प्रघात नाही. पुराणांतले भोजकट नगर ते हेच, अशी इकडची परंपरागत समजूत आहे. आणि वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख येत असल्यामुळे या समजुतीला निदान शेजारच्या गावची साक्ष तरी मिळते. हे नगर वसविले रुक्मीने. कृष्णाने रुक्मिणीला रथात घालून नेले तेव्हा, त्याचा वध करून बहिणीला परत आणीन, नाही तर कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून हा वीर पाठलागाला निघाला, यथासांग हरला, रुक्मिणीच्या रदबदलीने जिवानिशी सुटला, आणि अर्धवट भादरलेल्या दाढीमिशांनिशी माहेरच्या वेशीत जाण्याची सोय न उरल्यामुळे वाटेतच राजधानी करून राहिला. जगातील बहुतेक नगरे कोणाच्या ना कोणाच्या विजयाचे स्मारक म्हणून उभी राहिली. पराभूत पक्षाच्या कर्णधाराने परतीचा मार्ग बंद झाल्यामुळे वसविलेले गाव विरळा.

या भोजकटात झालेला पहिला उल्लेखनीय सामनाही लक्षात घेण्याजोगा आहे. रुक्मीच्या नातीचे लग्न कृष्णाच्या नातवाशी लागले, आणि त्या मंगल प्रसंगी रुक्मीने बलरामाला द्यूत खेळायला बसविले. पहिले डाव बलराम हरला, तेव्हा प्रेक्षकांत बसलेला कलिंगाचा राजा दात दाखवून खदखदा हसला. पुढचा डाव बलरामाने जिंकला. पण तो आपणच जिंकल्याचा दावा रुक्मीने केला. अखेर प्रकरण वर गेले, आकाशवाणी झाली, निकाल बलरामाच्या बाजूने लागला. आणि आज दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहून निर्णय देणाऱ्या तिसऱ्या पंचाला मिळतो तेवढा मान रुक्मीने त्या आकाशस्थ पंचाला न दिल्यामुळे बलरामाने परिघ उचलून त्याचा कायमचा निकाल लावला. नंतर पळत सुटलेल्या कलिंगराजाला दहाव्या पावलावर गाठून, ज्या दातांनी तो हसला होता, ते त्याने पाडले. त्या दिवसापासून भातकुलीचा प्रेक्षक कोणाच्याही जयापजयाच्या वेळी तोंड फार उघडत नाही.

अशा गावी खेळातल्या घराणेशाहीचे कौतुक करायचे म्हणजे ते परक्या घराण्याचेच असावे लागे. वऱ्हाडाला याची सवय जुनी आहे. 1902 च्या करारान्वये निजामाने हा मुलूख इंग्रजांना सालिना 25 लाखांच्या मक्त्याने कायमचा लावून दिला. पुढे 1936 त निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला, आणि तो किताब त्यांनी हैदराबादेत राहून उपभोगला. आपला राजपुत्र तीनशे मैलांवर राहतो, त्याला कपाशीची बोंडे कोणत्या महिन्यात फुटतात ते ठाऊक नसते, आणि तरीही तो आपलाच, हे ज्यांनी निमूटपणे मान्य केले, त्यांच्या नातवंडांनी माद्रिदच्या फुटबॉल संघाचा पांढरा सदरा घालून बसस्टँडवर हिंडावे यात नवल कसले? या रेआल माद्रिदने युरोपातला करंडक 1956 पासून 1960 पर्यंत सलग 5 वेळा जिंकला आणि 2024 पर्यंत त्याची संख्या 15 वर नेली. विजय मिळाला, की माद्रिदचे लोक सिबेलेस देवीच्या कारंज्यापाशी जमतात आणि संघाचा कर्णधार वर चढून देवीच्या गळ्यात आपल्या क्लबाचे उपरणे घालतो. भातकुलीत कारंजे नाही. असते तरी त्याचे पाणी कोणाच्या तोंडावर उडालेले चालले नसते. येथला माद्रिदचा भक्त मध्यरात्रीनंतर उशीखाली मोबाईल धरून सामना पाहतो आणि सकाळी आईने डोळे लाल का म्हणून विचारले, की त्यांच्यात पुढील संवाद होतो.

"कोन जिंकलं?"

"आपन."

"आपलं कोन रे तेथ? मामा, का काका?"

देशातले उदाहरण घ्यायचे तर मुंबईचे. विदर्भाचा संघ 1957-58 च्या मोसमात रणजी करंडकाच्या स्पर्धेत प्रथम उतरला, आणि लगेच पुढच्या मोसमापासून, म्हणजे 1958-59 पासून 1972-73 पर्यंत, मुंबईने तो करंडक ओळीने 15 वेळा स्वतःच्या घरी ठेवला. मुहूर्त साधणे म्हणतात ते हे असे. त्या काळच्या मुंबईकराला करंडक हे बक्षीस वाटतच नसे. ते त्याचे वतन होते, त्यावर वहिवाट होती, आणि फाल्गुन आला की सनदेचे नूतनीकरण होत असे. 1973-74 साली कर्नाटकाने ही वहिवाट मोडली, त्या सामन्यात अजित वाडेकर धाव घेताना पाय घसरून धावबाद झाले. आणि वतनदारांचे आजही असे म्हणणे आहे, की राज्य कोणी जिंकून नेलेले नाही, ते खेळपट्टीवर सांडले. एवढे दिवस मोठे असल्याशिवाय पराभवाची इतकी ऐटदार सबब सुचत नाही. आमच्याकडे पराभवाला सबब लागतच नसे. साठ वर्षे विदर्भाचा संघ दर हिवाळ्यात खेळायला जाई, बहुधा हरून किंवा बरोबरी करून परत येई, आणि वर्तमानपत्रात त्याची बातमी तुरीच्या भावाच्या खाली, लहान टाइपात येई.

या साठ वर्षांत भातकुलीच्या स्टँडसमोरील चहाच्या कॅन्टीनवर एक आर्थिक व्यवस्था मूळ धरून बसली होती. एक सेवानिवृत्त गुरुजी विदर्भाच्या प्रत्येक सामन्यापूर्वी, विदर्भ जिंकणार नाही अशी चहाची शर्त लावीत, आणि गावाभिमानी मंडळींनी ती स्वीकारणे हे त्यांचे कर्तव्य असल्यामुळे गुरुजींचा हिवाळ्यातला चहा परस्पर भागत असे. त्यांच्या देशभक्तीविषयी कोणी शंका घेऊ नये. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन कबड्डीचे प्रात्यक्षिक करून आले, हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही घोगरा होतो. पण त्यांचे म्हणणे असे, की प्रात्यक्षिक करणे निराळे आणि जिंकणे निराळे. पहिल्यात आपला हात कोणी धरू शकत नाही.

या व्यवस्थेला पहिला तडा डिसेंबर 2017 त कोलकात्याला गेला. ईडन गार्डन्सवर उपान्त्य सामन्यात कर्नाटकाला 198 धावा हव्या होत्या आणि विदर्भाने त्यांना अवघ्या 5 धावांनी अडविले. रजनीश गुरबानी नावाच्या पोराने त्या डावात 7 बळी घेतले. हा गुरबानी स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर. विदर्भात अभियंत्यांची पैदास विपुल आहे आणि त्यांचे पुढे काय करायचे हा प्रत्येक घरातला चिंतेचा विषय. तेव्हा बांधकामाची पदवी घेऊन पाडकामात नाव काढता येते, हे पाहून अनेक पालकांनी आपल्या चिरंजिवांकडे नव्या नजरेने पाहिले. पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी टिपले. रणजीच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम त्यापूर्वी तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी 1972-73 साली तेवढा केला होता. याच सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरे याने पदार्पण केले. हे नाव ऐकून कॅन्टीनवर क्षणभर मोठा घोटाळा झाला. "ते तं मुंबईचे ना? ते इथं बॉल टाकाले कायले आले?" असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, आणि हा आपल्या अकोल्याचाच गोलंदाज आहे, असा खुलासा झाल्यावर त्यांनी, पक्ष कोणताही असो, पोरगा आपला आहे, असा निर्वाळा दिला.

अक्षय वाडकरचे शतक झाले, विदर्भाने 9 गडी राखून सामना जिंकला, आणि साठाव्या वर्षी, म्हणजे मनुष्याची षष्ट्यब्दिपूर्ती करून त्याला घरी बसविण्याच्या वयात, संघाला करंडक मिळाला. तारीख होती 1 जानेवारी 2018. या तारखेचे महत्त्व वऱ्हाडी मनाची ठेवण जाणणाऱ्यालाच कळेल. त्या दिवशी दुपारी स्टँडवर फटाक्यांची लड वाजली. ती ऐकून मोटारसायकल थांबवून कोणी चौकशी केली, तेव्हा लड लावणाऱ्याने इकडेतिकडे पाहून, "नवं साल हाय ना भाऊ," असे सांगितले. विजय साजरा झाला आणि कबुलीजबाब मात्र द्यावा लागला नाही, असा सुवर्णयोग पुन्हा यावयाचा नाही.

एकदा जिंकणे हे योगायोग म्हणून खपविता येते. पैसेवारी लावणारा अधिकारीसुद्धा एखाददुसरे चांगले साल पोटात घालतो. पण या मंडळींनी त्याच वर्षी इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध 7 बाद 800 धावांचा ढीग रचला, आणि 2018-19 त नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून रणजी करंडक दुसऱ्यांदा जिंकला. चेतेश्वर पुजारासारख्या भिंतीला आदित्य सरवटेने एका डावात 1 आणि दुसऱ्या डावात 0 अशा हिशेबाने परत पाठविले. गुरुजींवर चहाची एवढी उधारी चढली की त्यांना आपल्या सिद्धान्ताचा पुनर्विचार करावा लागला. त्यांनी नवा सिद्धान्त मांडला तो असा: हे यश विदर्भाचे नाहीच. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित कुठले? मुंबईचे. चाळिशी ओलांडून त्या मोसमात 1037 धावा काढणारा वसीम जाफर कुठला? मुंबईचा. म्हणजे मुंबईच पुन्हा जिंकली, फक्त या वेळी तिने पोस्टाचा पत्ता बदलला. सबब शर्त रद्द समजावी आणि उधारी मागू नये.

या युक्तिवादाला उत्तर दिले ते गावातल्या सेवानिवृत्त पटवाऱ्यांनी. हे गृहस्थ जमिनीच्या वारसाहक्काच्या बाबतीत पंचक्रोशीत प्रमाण मानले जातात, आणि पुराणे त्यांनी फेरफाराच्या नोंदवहीसारखी वाचलेली आहेत. त्यांनी विचारले, की गुरुजी, या विदर्भाची कीर्ती आजवर कशावर चालली? दमयंती दिली नलाला, लोपामुद्रा दिली अगस्तीला, इंदुमती दिली अजाला, आणि रुक्मिणी आपण दिली नाही तरी ती आपल्या अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून गेलीच. म्हणजे या देशाची मिळकत मुळात जावयांची! कृष्णासारखा जावई चालतो, मग वसीम जाफर का चालत नाही? तो तर आपण होऊन राहायला आला. गुरुजी निरुत्तर झाले. पुढे कर्नाटकाचा करुण नायर आला, आणि 2024-25 च्या विजय हजारे स्पर्धेत बाद होण्याचे नावच घेईना, तेव्हा मोसमअखेर त्याची सरासरी 389.50 अशी निघाली. हा आकडा वर्तमानपत्रात वाचून पटवारी म्हणाले, की दिवाळसणाला आलेल्या जावयाने इतका मुक्काम केला, तर सासऱ्याने जमीन नावावर करून द्यावी. पण तो अंतिम सामना विदर्भ नेमका कर्नाटकाकडूनच हरला, आणि पुढच्या मोसमात जावईबापू आपल्या गावी परत गेले.

मधल्या काळातील 2023-24 च्या मोसमाविषयी न लिहिणे अन्यायाचे होईल, कारण भातकुलीने मनमोकळा आनंद जर कधी उपभोगला असेल, तर तो या मोसमाच्या अंती. वानखेडे मैदानावर विदर्भ आणि मुंबई यांची अंतिम गाठ पडली. 538 धावांचे अशक्य लक्ष्य समोर असता वाडकरने शतक ठोकले, संघाने 368 पर्यंत मजल मारली, आणि 169 धावांनी पराभव झाला. मुंबईचा तो 42 वा करंडक. त्या संध्याकाळी कॅन्टीनवर जी रौनक होती ती दोन्ही विजयांच्या वेळी नव्हती. सहा वर्षे जीभ आवरून बसलेली माणसे घडाघडा बोलू लागली. सामना मुंबईत का? खेळपट्टी कोणी केली? नाणेफेक कोणाच्या नाण्याने झाली? पाहता पाहता विषय 1953 च्या नागपूर करारावर गेला, तेथून 1984 च्या दांडेकर समितीवर, आणि एका तरुण वकिलाने, 169 धावांचा हा आकडा विदर्भाच्या सिंचनाच्या अनुशेषात मिळविण्यात यावा, अशी रीतसर दरखास्त मांडली, ती एकमताने संमत झाली. गुरुजींनी आपल्या पैशाने सर्वांना चहा पाजला. पराभवाची आपल्याला इतकी उत्तम तालीम आहे, की एक मिळाला तर आम्ही त्यावर दोन वर्षे सहज काढू शकलो असतो.

पण ती मुभा मिळाली नाही. 2024-25 त विदर्भाने उपान्त्य सामन्यात मुंबईलाच 80 धावांनी नमविले, आणि अंतिम सामना जामठ्याला केरळाशी झाला. दानिश मालेवारने 153 धावा केल्या, विदर्भाच्या 379 झाल्या, केरळाचा कर्णधार सचिन बेबी 98 वर बाद झाला, त्यांचा डाव 342 वर आटोपला. आणि पाच दिवस खेळून सामना अनिर्णित राहिल्यावर पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. हर्ष दुबेने त्या मोसमात 69 बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला तो निराळाच. मला असे वाटते, की तिन्ही विजयांपैकी भातकुलीला खऱ्या अर्थाने उमगला तो हाच. कोणी हरले नाही, कोणी जिंकले नाही, निकाल लागला नाही, मुदत संपली, आणि आघाडी ज्याच्या ताब्यात होती त्याच्याच ताब्यात वस्तू गेली: दिवाणी न्यायालयात ज्यांचे बांधाचे दावे तीन पिढ्या चालू आहेत, त्यांना हा खेळ समजावून सांगण्याची गरजच पडली नाही. "बारा वर्षं कब्जा ठेवा, मंग करंडक आपल्या सातबाऱ्यावर चढते," असे पटवारी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर विनोदाचा लवलेश नव्हता.

सतत जिंकणाऱ्याच्या पाठीराख्याला पुढे काय करायचे हा प्रश्न माद्रिदला आणि मुंबईला पडलाच असेल. भातकुलीने त्याचे उत्तर आपल्या परीने काढले आहे. तक्रार मेली नाही, ती नागपूरकडे वळली. करंडक नागपूरला जातो, मिरवणूक नागपूरला निघते, जामठ्याच्या मैदानावर तिकीट काढून जावे तर जाण्यायेण्यात तीनशेहून अधिक किलोमीटर पडतात. वऱ्हाडाच्या वाट्याला काय? अकोल्याच्या अथर्व तायडेने ऑक्टोबर 2025 मधल्या इराणी सामन्यात 143 धावा केल्या आणि शेष भारत 93 धावांनी हरला, तेव्हा अमरावतीकडच्यांनी तो अकोल्याचा असल्याची नोंद घेतली. अमरावतीत जन्मलेला जितेश शर्मा त्याच वर्षी बंगळुरूच्या संघातून आयपीएल जिंकून आला, तेव्हा अकोल्याकडच्यांनी ते यश बंगळुरूचे असल्याचा निर्वाळा दिला. यश वाढले, की वाटणीचे दावे वाढतात, हे पटवाऱ्यांना शिकवावे लागत नाही. त्यांनी अकोला, अमरावती आणि नागपूर असे तीन हिस्से पाडून एक वाटणीपत्रक तोंडी तयारही ठेवले आहे.

या सगळ्या भरभराटीत एकच माणूस बुडाला आहे, तो म्हणजे कॅन्टीनवाला. गुरुजींनीही आता विदर्भाच्या बाजूने शर्त लावायला सुरुवात केल्यापासून विरुद्ध बाजूला कोणी उरलेलाच नाही. शर्तच लागत नाही, त्यामुळे हरणाऱ्याने सगळ्यांचा चहा द्यायचा ही रूढी बंद पडली, आणि जो तो आपापला अर्धा कप घेऊन, पैसे मोजून, निघून जातो. मोसम जवळ आला, की तो गल्ल्यावरच्या फळीवर सुटी नाणी रचीत बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विनवून पाहतो.

"एकडाव मुंबईले जिंकू द्या ना राजेहो. माह्या दुधाचे पैसे तं निघतीन."